पणिक्करांचं कानाचं यंत्र

मंगळवारी सकाळी सहापासूनच शंकुण्णी पणिक्करांच्या ओसरीवर रांग लागायची. कोणाची गाय हरवलेली, कोणाचा मुलगा दुबईहून फोन करत नसलेला. खांबाला एक टॅबलेट टांगलेला होता. त्यावर बोट ठेवलं की नंबर मिळे, मग पडदा काळा होई आणि पुढचे दोन तास गप्पा. पणिक्कर आतल्या खोलीत भविष्य सांगायला कवड्या मांडून बसत. ठार बहिरे. कानात यंत्र असूनही एकेक गोष्ट चारदा ओरडून सांगावी लागे. असा माणूस वरही न बघता "तुझी तांबडी गाय, डाव्या सडाला गाठ," म्हणाला की समोरच्याचे हात आपोआप जुळत.

"तुमचा आवाज मला नकोच," पणिक्कर सांगत. "त्यात खोट असते. बहिऱ्याला देवी ऐकवते."

माझ्या अम्मिणीचेचीला याच देवीने आयुष्यातून उठवलं. चेची म्हणजे माझी थोरली बहीण. ती सोळा वर्षं अंगणवाडीत मुलांसाठी कंजी, म्हणजे भाताची पेज, शिजवत होती. शेजारच्या भार्गवीच्या सुनेचा गर्भ दुसऱ्यांदा पडला, तेव्हा भार्गवी कवड्यांपुढे जाऊन बसली. पणिक्कर म्हणाले, "तुझ्या विहिरीजवळ करणी पुरलीय. पुरणारी विधवा आहे, लोकांच्या मुलांना जेवू घालते." चार हात खणलं, काही निघालं नाही. मग "तिने आधीच काढून नेलं" असं ठरलं. आयांनी मुलं पाठवणं बंद केलं आणि चेची घरी बसली. येत्या मंगळवारी दुपारी पंचायतीची बैठक होती. तिच्या जागी दुसरी बाई नेमायची होती.

मी शाळेत संगणक शिकवते. आमच्याकडे शाळांत लिनक्सच चालतं, विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी प्रणाली, त्यामुळे तिच्यावर चालणारी गावातली यंत्रं दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. शनिवारी पणिक्करांची बायको तो टॅबलेट घेऊन आली.

"टीचर, याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. हे परगावी गेलेत, येईपर्यंत बघून ठेवाल?"

नंबर देण्यापलीकडे काही न करणारं यंत्र एवढी बॅटरी खातं कशाने? पडद्यावर काहीच उघडं नव्हतं. पण पडद्यावरच्या खिडक्या बंद केल्या म्हणून यंत्र झोपत नाही. मागे काही कामं चालूच असतात, त्यांना सेवा म्हणतात. एक वेळ जुळवते, एक वायफाय सांभाळते. मी सगळ्या सेवांची यादी काढली. त्यात 'घड्याळ' नावाच्या दोन निघाल्या आणि दुसरी माइक धरून बसली होती. ती बंद केली, तर पाच सेकंदांत पुन्हा उठली. तिची फाइल उघडली. पडलीस तर पुन्हा ऊठ, अशी तिला आज्ञाच लिहून ठेवली होती. ओसरीवरचा शब्दन् शब्द पणिक्करांच्या फोनवर जात होता, तिथून कानातल्या यंत्रात. शिवाय एक प्रत टॅबलेटमध्येच साठत होती. भार्गवी गेली होती त्या दिवसाची प्रत मी ऐकली.

पोलिसांत लगेच जाता आलं असतं. नंतर गेलेही. पण आधी मला तो माणूस त्याच ओसरीवर, त्याच लोकांसमोर नागडा झालेला बघायचा होता. हा सूडच होता आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मी ती सेवा थांबवली, यंत्र पुन्हा सुरू झालं तरी तिने उठू नये असं केलं आणि टॅबलेट परत दिला.

मंगळवारी मीही रांगेत उभी राहिले, भार्गवी तिथे होतीच. पहिला नंबर चात्तुण्णीचा होता. पलीकडच्या गावचा, गाय हरवलेला. पणिक्करांनी कवड्या फिरवल्या, थांबले, पुन्हा फिरवल्या.

"तुला एक मुलगी आहे."

"नाही, पणिक्कर."

"होणार होती."

"माझं लग्नच झालेलं नाही."

ओसरीवर कोणीतरी खुसखुसलं. पणिक्कर कानातलं यंत्र काढून त्याला टिचक्या मारू लागले. खांबावरचा टॅबलेट घेऊन मी आत गेले आणि पुटपुटल्यासारखं म्हणाले, "तुमची देवी मी बंद केली."

"बाहेर काढा हिला. त्या चेटकिणीची बहीण आहे ही."

"यंत्र हातात आहे, पणिक्कर. मग ऐकू कसं आलं?"

मी सेवा पुन्हा चालू केली, टॅबलेट खांबाला टांगला, भार्गवीला आतल्या खोलीत बसवून पणिक्करांच्या हातातलं यंत्र तिच्या कानात घातलं आणि चात्तुण्णीला खांबापाशी जाऊन कुजबुजायला सांगितलं.

"काय ऐकू येतंय?"

"म्हणतोय..." भार्गवी अडखळली. "गाय गेली ती गेली, अक्कलही गेली म्हणतोय."

मग मी साठवलेली प्रत मोठ्याने लावली. आवाज भार्गवीचाच होता, नणंदेशी बोलतानाचा. "मला तर त्या अम्मिणीचाच संशय येतो. विधवा बाई, लोकांची पोरं जेवू घालते, तिची नजर लागणारच."

"हे तू म्हणालीस," मी म्हटलं. "वीस मिनिटांनी त्याने तेच तुला ऐकवलं आणि तू त्याच्या पाया पडलीस."

पणिक्करांना आम्ही चालवत चेचीच्या दारात नेलं. माफी मी तीनदा मागायला लावली, कारण पहिल्या दोन्ही वेळी मला ऐकू आलं नाही. दुपारी अख्खी ओसरी बैठकीत जाऊन बसली आणि चेची कामावर परतली.

संध्याकाळी भार्गवी फाटकाशी आली. "टीचर, तो ऐकत असतो हे मला ठाऊक नव्हतं."

"बोलत तर तूच होतीस. ते ठाऊक होतं ना?"

मी फाटक उघडलं नाही. चेचीने उघडलं, तिचा स्वभावच तसा.

कोणी बाबा तुमच्या मनातल्या वैऱ्याचं नाव अचूक सांगू लागला, तर हात जोडण्याआधी एकच आठवा, हे नाव आपण आधी कोणाजवळ घेतलं होतं. आणि मग पुरावा मागा. भार्गवीच्या सुनेला अखेर डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासल्यावर थायरॉइड निघाला, रोज एक गोळी सुरू झाली. पहिला गर्भ पडला तेव्हाच कोणी तिला तिथे नेलं असतं, तर दुसरा कदाचित वाचला असता.