नदीत न सोडलेलं कासव

मी एक कासव. बडोद्यात, गोरव्यातल्या एका फ्लॅटमध्ये माझं बहुतेक आयुष्य गेलं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी आहे, तिच्यापायीच मी पकडला गेलो.

जन्म माळरानावरचा. मुठीएवढा असताना कुणीतरी मला पोत्यात घातलं आणि या हातातून त्या हातात जात मी गणपतरावांकडे आलो. घरात कासव असलं की बरकत राहते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पुढे गणपतराव वारले. घरात त्यांच्या पत्नी विजयमालाबाई, मुलगा सौमित्र आणि मी उरलो.

बाई मला वरणभात, पोळी, कधी गाठिया भरवायच्या. फरशीवर माझे पाय घसरायचे. ऊन क्वचितच मिळायचं. मायेत काही कमी नव्हतं, पण पाठ वेडीवाकडी वाढत गेली आणि गेल्या हिवाळ्यात मी खाणंच सोडलं.

बाईंनी मला पिशवीतून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "बेन, हा वन्यप्राणी आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे, शिक्षा होते."

"मला खरंच माहीत नव्हतं हो."

घरी हे ऐकून सौमित्र घाबरला. "आई, मी याला विश्वामित्री नदीत सोडून येतो. कुणाला कळायचं नाही."

"अरे, हे जमिनीवरचं कासव. डॉक्टर म्हणाले, याला पोहता येत नाही. बुडेल ते."

"आणि तुला पकडलं म्हणजे?"

बाईंनी मला पुन्हा पिशवीत ठेवलं. मग साडी बदलून त्या मला घेऊन थेट वनखात्याच्या कचेरीत गेल्या.

"कधीपासून आहे तुमच्याकडे?" अधिकाऱ्याने विचारलं.

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "अकरा वर्षं. चूक आमचीच. पण याला जगवा."

त्यांचा जबाब लिहून घेतला. पुढचं वरिष्ठ ठरवतील, असं सांगितलं.

"याला बघायला येऊ का कधी?"

"नको, बेन. याची माणसांची सवय सुटायला हवी."

बाईंनी पाठीवरून एकदा हात फिरवला आणि त्या निघून गेल्या. त्यांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

आता मी बचाव केंद्रात आहे. पाठ सरळ होणार नाही. माळावर परत जाईन की नाही, तेही ठाऊक नाही. पण तुमच्या घरी आमच्यातलं कुणी असेल, तर गुपचूप टाकून देऊ नका, वनखात्याला कळवा. नसेल, तर कृपा करून आणू नका.

आज सकाळी ऊन चढल्यावर मी बाभळीच्या सावलीत गेलो. कंटाळा आला, तेव्हा परत उन्हात आलो. वाटेत मला कुणी उचललं नाही.