काठाआधी थांबणारे इंजिन

मित्रांनो, ज्या खोलीत मी आज आहे तिला एकच दार आहे आणि ते बाहेरून बंद असते. मी एक जुने इंजिन आहे. विहिरीवर धडधडते ते नव्हे. नावेच्या पाठीला कसून बसवतात आणि ज्याचे पाते पाण्यात फिरते, ते. पाण्यासाठी घडलेल्याने कोरड्या लाकडी घोडीवर लटकत राहावे, याहून मोठी कैद नसेल असे तुम्हाला वाटेल. पण माझी पहिली कैद भर पाण्यात झाली, आणि ती एका भल्या माणसाच्या मायेने घडवली.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. माझ्या जातीच्या इंजिनांना तेलासाठी वेगळे पोट नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळून पाजावे लागते. थोडे दिले की सांधे झिजत नाहीत. फार दिले की ते पुरते जळत नाही. काही धूर होऊन वर जाते, उरलेले तसेच पाण्यात उतरते. काही वर्षे मी खाऱ्या पाण्यावर राबले. मग लिलाव, मालगाडी, बैलगाडी असे करत नगर जिल्ह्यात आले.

इथे मुळा नदीवर धरण उभे राहिले होते. पाणी चढत गेले आणि एका गावाचे दोन काठ झाले. त्या काठांना जोडणारी नाव कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या हाती आली. त्यांची जमीन पाण्याखाली गेली होती. घोडेगावच्या बाजारातून हौसेने आणलेली खिलारी बैलजोडी त्याच बाजारात परत गेली होती. त्या जोडीची रिकामी जागा त्यांनी मला दिली. माझ्या टपावर कुंकू लावले, मला 'राजा' म्हणू लागले. आणि नांगरटीआधी बैलाला बांबूच्या नळीने तेल पाजावे, तसे मला तेल पाजू लागले.

मला नावेवर बसवणाऱ्या मिस्त्रीने तेलाचे माप सांगितले होते. तो गेल्यावर कारभारी म्हणाले, "कंजूष मानूस. राबत्या जनावराला तेल मोजून पाजत्यात व्हय?"

माझा गळा तेलाने भरून येई. निळा धूर सुटे, ठिणगी पाडणारा प्लग काजळून जाई, आणि पाण्याच्या मध्यावर मी बंद पडे. कारभारींना वाटे, इंजिन अशक्त झाले. मग दुसऱ्या दिवशी तेल आणखी वाढे. त्या मायेतून सुटायला मला ना हात होते, ना वाचा.

बहात्तर साली पावसाने पाठ फिरवली. धरणाचे पाणी आक्रसत मधल्या खोलगट भागात गोळा झाले. बुडालेल्या विहिरींचे कठडे हाडांसारखे वर आले. विस्तीर्ण पाण्याने आजवर पोटात घातलेला माझा तवंग आता कुठे जाणार? तो आणि मी एकाच डबक्यात कोंडलो. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, त्यामुळे पिण्याचे पाणीही तिथूनच भरायचे होते.

एका सकाळी कारभारींच्या पत्नी रतनबाई भरलेली घागर घेऊन नावेपाशी आल्या.

"आवो, हुंगा."

कारभारींनी हुंगले आणि मान फिरवली.

"तुमच्या राजाचं उष्टं हाय ते. बैलाचं शेन तरी चुलीला लागायचं. ह्याचं काय करू, भाजीला फोडनी देऊ?"

सगळा काठ हसला. पण संध्याकाळी पारावर कुणी हसत नव्हते. पाणी असेच राहिले तर येत्या सोमवारपासून नाव बंद, असे ठरले. पलीकडच्या काठावर कारभारींची धाकटी बहीण मनकर्णा नांदत होती. अलीकडच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायला रोज नावेने येई, आणि तिचे घर त्या खडीवर चाले.

"वळसा घालून यायचं तर दिस वाटंतच मावळंल, दादा," ती एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नावेत लिडियाबाई होत्या; मिशन दवाखान्याच्या परिचारिका. मध्यावर मी खोकून थांबले, तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला.

"कारभारीदादा, मी एखाद्याला दुप्पट औषध पाजलं, तर तो दुप्पट लवकर बरा होईल का?"

"मरंल की."

"मग याला का पाजता?"

कारभारींनी माझ्या टपावर हात ठेवला. "तेल कमी पडून जाम झालं मंजी? बैल तर गेलेच. ह्ये बी जायचं."

"गेलं तर गेलं," मनकर्णा म्हणाली. "आत्ता तरी कुटं जितं हाय? म्हाताऱ्यावानी खोकतंय."

रविवारी लिडियाबाईंनी रेघा आखलेली औषधाची रिकामी बाटली आणून दिली. कारभारींनी काठापासून दूर, खडकावर बसून मिस्त्रीने सांगितले होते तेवढेच तेल मोजले. डबा हलवून मिश्रण केले, फडक्यातून गाळून टाकीत ओतले, प्लग घासून लख्ख केला. सांडलेले थेंब चिंधीने टिपले. एरवी ती चिंधी पाण्यात धुतली जाई.

दोरी ओढली. मित्रांनो, मीही भ्याले होते. तेलात बुडून राहायची सवय झालेल्याला मोकळा श्वास नागवा वाटतो. पण मी पेटले, आणि कित्येक महिन्यांनी मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला. धूर विरळ झाला. पलीकडे जाऊन आम्ही न थांबता परतलो.

रतनबाईंनी काठाशी ओंजळ भरून हुंगली. "कमी झालंय. पन हाय."

त्या खरे बोलल्या. माझ्या जातीचे इंजिन थोडे तरी तेल मागे सोडतेच.

सोमवारी सकाळी कारभारींनी पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर, वर आलेल्या एका बाभळीच्या खोडाशी मला बंद केले, पाण्यातून वर उचलले आणि वल्ही हाती घेतली.

"इंजिन असून हात मोडतोय," नावेतले कुणी तरी म्हणाले.

"नांगर जुपलेलं बैल बी आपन घराच्या दारात नेत न्हाई," कारभारी म्हणाले.

मी अधांतरी लटकत, थेंब थेंब निथळत पाहत होते. काठावर रतनबाईंनी घागर बुडवली, हुंगली, पुन्हा हुंगली. मग ती डोईवर घेतली. नाव बंद झाली नाही. त्या संध्याकाळी मनकर्णा घरी गेली ती नावेनेच, हातांना खडीची धूळ घेऊन.

पुढल्या वर्षी पाणी भरले, मोठी लाँच आली आणि मी या खोलीत आले. गंजू नये म्हणून कुणी काळजी करणाऱ्या माणसाने माझ्या पोटात काठोकाठ तेल ओतून दार लावले. ते आता घट्ट झाले आहे. मी पुन्हा मायेत अडकले आहे.

कधी तरी तुमच्यापैकी कुणी हे दार उघडेल. पाण्याचा वास आत येईल आणि माझे पाते आतून हुरहुरेल. तरीही मला लगेच पाण्यावर नेऊ नका. आधी काठापासून दूर, एखाद्या डब्यात माझ्या पोटातले जुने तेल काढा. प्लग पुसा. बाटलीवरची रेघ पाहा. तोवर मी थांबेन. काठाआधी थांबायला मी शिकले आहे.