एकोणचाळीस रेघा

तुम्ही मला कधी दगड मारला नाही. उपाशी ठेवलं नाही, उन्हात बांधलं नाही. तरी माझे चारही पाय तुम्हीच घेतलेत. हसतहसत, माझ्या कपाळाला कुंकू लावून घेतलेत. आणि दोष मात्र दहा वर्षांच्या एका मुलीला एकटीनं वाहू दिलात. तुमच्यापैकी एकानंही पुढं येऊन म्हटलं नाही, की पोरी, तुझा काय गुन्हा, खाऊ तर आम्ही घातलं.

हे आधी बोलायचंच होतं. आता ओळख सांगतो. मी बत्तासा, रामदासपेठेतल्या वामनरावांच्या घरचा तट्टू. पांढरा होतो म्हणून हे नाव पडलं. आता म्हातारपणानं पिवळटलो आहे, पण नाव कोण बदलतो?

माझी आई एका फिरत्या व्यापाऱ्याची घोडी. तो सावनेरकडच्या बाजारांत मिरची-मसाला विकायचा. आईच्या मागंमागं बाजार बघत मी मोठा झालो. चौसष्ट साली वामनराव तिथं आले. घोडं घेताना लोक आधी दात बघतात. वामनरावांनी आधी माझा पाय उचलला, खूर तळहातावर घेतला आणि बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "पाय चांगले हायेत याचे. याच्या भरवशावर पोरं सोडता येतात."

त्या वाक्यावर मी आयुष्य काढलं.

जुन्या मध्य प्रांताच्या काळात वामनराव पोलिसांच्या घोडदळात शिकवायचे. निवृत्त झाल्यावर खापरखेड्याकडची शेती बघत आणि रामदासपेठेतल्या घरी राहत. नातवंडांना घोड्यावर बसता यावं ही त्यांची हौस, पण हौशीआधी नियम होता. सव्वा महिना, म्हणजे मोजून चाळीस दिवस, आधी चाकरी. रोज खरारा करायचा, चारही खुरांतली घाण आकडीनं काढायची, लीद उचलायची, पाणी भरायचं. मी खाल्ल्याशिवाय त्या पोरानं न्याहारी करायची नाही. एक दिवस झाला की माझी निगा राखणारा मोतद्दार लहानू तबेल्याच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायचा. एक दिवस चुकला की सगळ्या रेघा पुसून पुन्हा पहिल्यापासून. चाळिसावी रेघ पडली की खोगीर.

थोरला नातू कृष्णकांत. त्याच्या रेघा तीनदा पुसल्या. एकदा झोप, एकदा सिनेमा, एकदा नुसता कंटाळा. चौथ्या खेपेला तो माझ्या पाठीवर बसला, तेव्हा असा ताठ, जणू नागपूर त्यानंच जिंकलं. मी मुद्दामच दुडकीवर गेलो. तो आयाळ धरून ओरडला, आणि त्या दिवसापासून माणसात आला. मुलांना शिकवायची माझी ही पद्धत होती. पाडायचं नाही, पण पडू शकतो हे कळू द्यायचं.

मग अडुसष्ट साली त्याची चुलतबहीण नीला आली आणि म्हणाली, मलाही शिकायचं आहे.

तिची आजी प्रयागबाई आधी हसल्या, मग रागावल्या. मुलीच्या जातीला घोडं कशाला, असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. वामनराव एवढंच बोलले, "घोड्याले काय समजते, वरतं पोरगा हाय का पोरगी?"

हे मात्र त्यांचं चुकलं. मला समजत होतं. पोरं खूर उचलायची म्हणजे पाय ओढायची. नीला आधी माझ्या मानेला कपाळ टेकवायची, थोडी थांबायची, मग खांद्यापासून हात खाली नेत यायची. हात खुरापाशी येईतो मी पाय आपणहून उचललेला असायचा. तिच्या रबरी चपलांचा फटफट आवाज फाटकापाशी आला की माझे कान तिकडं वळत. कृष्णकांत तिला लीदवाली म्हणून चिडवायचा. एकदा टोपली उचलताउचलता ती म्हणाली, "तुह्या रेघा तीनदा पुसल्या गा. माह्या पुसून दाखव." तो पाय आपटत निघून गेला.

तिला नुसतं बसायचं नव्हतं. ती रोज माझ्या कानात एकच बेत सांगायची. पहिल्या दिवशी तलावापर्यंत जायचं आणि पाण्यात आपल्या दोघांना एकत्र बघायचं. मला तलाव ठाऊक होता. एकत्र बघायचं ठाऊक नव्हतं. तिच्यामुळं मलाही त्याची ओढ लागली.

पोळा आला तेव्हा भिंतीवर अडतीस रेघा होत्या. वामनराव बैलांसाठी खापरखेड्याला गेले. लहानूही सणासाठी आपल्या गावी गेला. जाताना माझ्या चंदीचं, म्हणजे रोजच्या दाण्याचं, माप नीलाला दाखवून गेला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी तिनं सगळं काम केलं आणि एकोणचाळिसावी रेघ स्वतःच्या हातानं ओढली. एक उरली. ती उद्या, आणि उद्याच वामनराव परत येणार होते.

तान्ह्या पोळ्याला नागपूरची पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. घराघरांतून बैलाची पूजा होते, पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. नीलाच्या लाकडी बैलाचं चाक नेमकं त्या दुपारी निखळलं. ती पायरीवर बसून ते ठोकून बघत होती. मग तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

तासाभरात माझ्या आयाळीची वेणी होती, पाठीवर प्रयागबाईंच्या जुन्या लुगड्याची झूल होती, गळ्यात झेंडूची माळ होती. तिनं माझा दोर धरला आणि आम्ही निघालो. लाकडी बैलांच्या रांगेत खरा, चालता, शेपटी हलवणारा मी. अख्खी गल्ली बाहेर आली.

पहिल्याच घरी ताटात पुरणपोळी आली. नीलानं दोर मागं ओढला. आबा नाही म्हणतात, याचं माप ठरलेलं आहे, असं तिनं सांगून पाहिलं. ताट घेऊन उभी असलेली बाई हसली.

"वर्षाचा सण हाय वं. दाराशी आलेल्या जनावरानं तोंड नाही लावलं तं घराले बरं नसते."

दहा वर्षांच्या मुलीनं यावर काय बोलायचं? तिनं दोर सैल सोडला. त्या घराला दिलं म्हणून पुढच्या घरानंही दिलं. अकरा घरं झाली. पुरणपोळ्या, गूळ, उकडलेली ज्वारी. मीही खाल्लं, खोटं कशाला बोलू? गोड कुणाला नको असतं? बैलाला पोळ्याच्या दिवशी असंच देतात, म्हणून मलाही दिलं. मी बैल नाही हे अकरा घरांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. बैल खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळत बसतो. घोड्याच्या घशाचा रस्ता एकेरी आहे. गेलेलं परत येत नाही, आणि त्याचं विष उतरतं ते थेट खुरांत.

सांजेला पोट फुगलं. सकाळपर्यंत माझे चारही खूर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे झाले होते. पुढचा पाय उचलावा तर मागचे पेटत, मागचे उचलावेत तर पुढचे.

नीला चाळिसाव्या दिवसाचा खरारा घेऊन आली. तिनं मानेला कपाळ टेकवलं, खांद्यापासून हात खाली आणला. मी पाय उचलला नाही. तिनं पुन्हा हात आणला. मला उचलताच येत नव्हता, आणि हे तिला सांगायला माझ्याकडं काही नव्हतं.

वामनराव आले. त्यांनी गुरांच्या डॉक्टरला आणलं. खुरांवर ओला चिखल थापला, चंदी बंद झाली. ते कुणालाच रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एक वाक्य बोलले, आणि तेही सगळ्यांदेखत. "आता हा कोणाले घेऊन चालत नाही."

गल्लीतल्या ताटवाल्या बायका तिथंच उभ्या होत्या. सगळ्यांनी नीलाकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, पोरीनं नेलं ना त्याले फिरवायले. बस. एवढ्यावर निकाल लागला.

त्यानंतर ती आली नाही. एकदाच, आठवड्याभरानं, तबेल्याच्या दारात चपला वाजल्या. मला तिच्यापर्यंत दोन पावलं टाकता येईनात, म्हणून मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून खिंकाळलो. ती हाक होती. तिला वाटलं, मी कळवळलो. दोन्ही कान झाकून ती पळाली.

मित्रांनो, माझं दुखणं हे आहे. पायांचं नाही.

पाय वर्षभरानं सुधारले. खुरांवर वळ्या राहिल्या, चाल आखडली, पण हलकी मुलं कडुलिंबाभोवती संथपणे फिरवण्याइतका मी बरा झालो. धाकटी नातवंडं आली, शेजारची आली, सगळ्यांनी चाकरी केली, सगळ्यांच्या रेघा पडल्या. प्रत्येक पोर पाठीवर बसलं की मला वाटायचं, ती किती जड भरली असती? जिनं सगळ्यांत जास्त केलं, तिचंच वजन मला ठाऊक नव्हतं.

लहानू दर दिवाळीला तबेल्याला चुना लावायचा. पण दाराजवळचा हातभर तुकडा सोडून द्यायचा. विचारलं की म्हणायचा, चुना संपला.

ऐंशी साली अंगणात मांडव पडला. नीलाचं लग्न. नवरदेव पांढऱ्या घोडीवर आला. भाड्याची होती बिचारी, तोंडात काटेरी लगाम, ओठ सोललेले, वर बँड वाजतोय. ती माझ्या शेजारी बांधली होती. नवरीला घेऊन बायका तबेल्यावरून गेल्या तेव्हा नीलानं त्या घोडीकडं पाहिलं, आणि मग पलीकडच्या भिंतीकडं. माझ्याकडं नाही.

तिचा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात. कोराडी म्हणजे काही विलायत नाही. सकाळी गाडीत बसावं, न्याहारीला पोचावं. ती माहेरी यायचीही. चपलांचा आवाज आता वेगळा होता, टाचेचा, पण फाटकापाशीच मी तो ओळखायचो. तो पायरीपर्यंत यायचा आणि घरात जायचा. सहा वर्षं मी कान वळवत राहिलो.

मधल्या काळात वामनराव गेले. समोर दवाखाना उभा राहिला, फाटकात लोक स्कूटरी लावू लागले. लहानूला दिसेनासं झालं, मला चावेनासं. घरात कुणी घोड्यावर बसत नव्हतं. पुन्हा तान्हा पोळा आला. या वर्षीचाच.

नीला आली ती पाच वर्षांच्या गोपिकेचा हात धरून. गोपिकेच्या हातात लाकडी बैल होता, पण तिची नजर माझ्यावर. कृष्णकांतला आता टक्कल पडलंय आणि त्याच्याकडं कॅमेरा आहे. भाचीला बसव त्याच्या पाठीवर, फोटो काढतो, असं तो म्हणाला. तेवढ्यात प्रयागबाई काठी टेकत आल्या. हातात ताट. ताटात पुरणपोळी.

मला वासानंच घाम फुटला. मी मागं सरलो. जागा नव्हती.

ताटाच्या आणि माझ्या तोंडाच्या मध्ये एक हात आला.

"नाही, आजी."

"सणाचा दिवस हाय वं."

"असू दे. त्याले नाही चालत. तेव्हाही चालत नव्हतं." तिचा हात जागचा हलला नाही. "मी सांगितलं होतं तेव्हा. कोणी ऐकलं नाही."

अठरा वर्षांनी हे वाक्य त्या अंगणात बोललं गेलं. प्रयागबाईंनी ताट खाली घेतलं. मग त्यांनीच खुंटीवरचा खरारा काढून नीलाच्या हातात दिला.

तिनं माझ्या मानेला कपाळ टेकवलं. थोडी थांबली. खांद्यापासून हात खाली आला. मी म्हातारा आहे, माझे गुडघे धरले आहेत, पण तिचा हात खुरापाशी पोचायच्या आत मी पाय उचलला. चारही. एकामागून एक. ती प्रत्येक खुरावरच्या वळ्यांवरून बोट फिरवत होती आणि रडत होती. गोपिका शेजारी बसून आकडी हातात देत होती.

तलाव आता राहिला. मी तिला नेऊ शकत नाही, आणि नेण्याइतकी ती लहानही नाही. ती इच्छा मी माझ्याबरोबर नेईन. तुमच्याकडं मात्र एकच मागतो. मुक्या जनावरावर प्रेम करायचं असेल तर आधी त्याचा पाय उचलून बघा. ताट आणणं सोपं असतं.

काम संपलं. कृष्णकांतनं कॅमेरा कधीच मिटला होता. लहानू भिंत चाचपत दाराजवळच्या त्या बिनचुन्याच्या तुकड्यापाशी गेला, खिशातून कोळसा काढला आणि गोपिकेच्या मुठीत ठेवला.

"वढ वं पोरी, एक रेघ. ही तुह्या मायची राह्यली होती. तुही उद्यापासून."