म्हातारबाच्या पाठीतल्या सुया

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटची सुई म्हातारबाच्या मानेत टोचली आणि थोरल्या भावाने तोंड फिरवलं. एका घावात बोकड आडवा करणारा हा खाटीक, पण केसाएवढी सुई आपल्या कुत्र्याच्या कातडीत शिरताना काही बघवत नव्हती. दुकानामागच्या खोलीत पोत्यावर पडलेला म्हातारबा मात्र डोळे मिटून निवांत होता.

"मध्ये फिट आली होती?" बाईंनी विचारलं.

"महिनाभर नाही. तुमच्या सुयांचा आणि काढ्याचा गुण बघा."

हे बाहेर ऐकू जावं म्हणून त्याने मुद्दाम आवाज चढवला. धाकटा भाऊ सकाळीच सासुरवाडीहून परतला होता आणि दुकानात ठोकळ्यापाशी काहीतरी कापत होता. त्याचं आपलं एकच तुणतुणं: कशाला त्या जिवाचे हाल, एका घावात सुटेल बिचारा. गेल्या फिटच्या वेळी तर त्याने सांगूनच टाकलं होतं, पुन्हा असं झालं तर मी कुणाला विचारत बसणार नाही. तेव्हापासून थोरला कुत्र्याच्या अंगावर हात ठेवून झोपायचा.

अचानक म्हातारबाचे पाय ताठले. जबडा कडकड वाजू लागला, तोंडाला फेस आला आणि डोकं धाडधाड फरशीवर आपटू लागलं. सुया वाकल्या, काही उडाल्या. डोकं फुटू नये म्हणून थोरल्याने खाली हात घातला आणि दात थेट तळव्यात रुतले. बाई हात काढा म्हणत होत्या. त्याने काढला नाही.

तेवढ्यात धाकटा धावत आत आला. हातात सुरा.

थोरल्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. जबड्यातून हात हिसडून काढताना मांस फाटलं, त्याचीही त्याला शुद्ध नव्हती. पहिल्याच ठोशात धाकट्याच्या नाकाचं हाड मोडलं. सुरा खणकन पडला. थोरला त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी गुद्दे घालत राहिला, स्वतःचंच रक्त त्याच्या तोंडावर उडवत. धाकट्याने हातसुद्धा उचलला नाही. डावी मूठ तेवढी घट्ट आवळून धरली होती.

बाईंनी थोरल्याला कसंबसं मागे ओढलं, तोवर फिट ओसरली होती. त्यांनी कुत्र्याच्या छातीला हात लावून बघितलं आणि विचारलं, फिटच्या गोळ्या वेळेवर देताय ना? थोरला घुटमळला. काढ्याने गुण येतोय म्हटल्यावर त्याने गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या.

"अहो, सुया आणि काढा गोळीच्या जोडीला असतात, गोळीच्या जागी नाही. महिनाभर गोळी नसती, तर हा जगलाच नसता."

धाकट्याने मूठ उघडली. आत कलेजीचा तुकडा होता, मधोमध चिरलेला, चिरेत पांढरी गोळी.

"तू कचऱ्यात टाकल्या होत्यास," तो रक्त थुंकत म्हणाला. "रोज मीच देत होतो. नेमका चार दिवस नव्हतो."

"मग त्याला मारायचं कशाला बोलत होतास?"

"त्याचे हाल बघवत नाहीत मला. तेही खरंच बोललो होतो."

थोरला गुडघ्यांवर आला. नाक बघू दे म्हणत त्याने फाटलेला हात पुढे केला. धाकट्याने झटकन तोंडावर हात आडवा धरला.