दगडातून निघालेली निळी ज्योत

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पाव भाजणारी नव्हे, दगडातून गॅस काढणारी! हसू नका. आमच्या खाणीतल्या काळ्या दगडाच्या अंगात तेल मुरलेले असते. पूर्वी काच कारखान्यात तो दगड उघड्यावरच जाळत. सगळी गल्ली काजळून जाई, काचही धुरकट निघे आणि आगवाले काका खोकून खोकून वाकत.

काकांची लेक इंजिनिअर झाली आणि तिने मला उभे केले. बाहेरून पोलाद, आतून विटांचे अस्तर. दगड जाळायचा नाही, बेताची हवा आणि वाफ देऊन तापवायचा. सुटलेला गॅस पाण्याने धुवायचा, गंजलेल्या लोखंडाचा चुरा भरलेल्या पेटीतून नेऊन त्यातले गंधक काढायचे आणि मगच पेटवायचा.

कारखान्याचे मालक म्हणाले, "आज स्वच्छ काच दाखवा. नाहीतर ही भंगारात आणि काका पुन्हा धुरात."

सकाळपासून गॅस काही पेट घेईना. लेकीने वळून पाहिले.

"बाबा, परत हवेची झडप उघडलीत?"

"अगं, गुदमरतेय ती!"

"जास्त हवा मिळाली की ती गॅस आतच जाळून टाकते. हात मागे घ्या बघू."

"जन्मभर आगीला हवा दिली, आता म्हणे उपाशी ठेवा!" काका पुटपुटले, पण बाजूला झाले.

माझ्या पोटात दगड हळूहळू तापला. नळीच्या तोंडाशी ज्योत फडफडली, पिवळी झाली आणि मग निळीशार उभी राहिली. दुपार कलता कलता काच वितळली. काच फुंकणाऱ्या कारागिराने पहिला प्याला फुगवला, चिमट्यात धरून उजेडात फिरवला आणि तो ओरडला, "काका, यातून तुमच्या मिशीतले पांढरे केस मोजता येतात की!"

मालकांनी स्वतः धावत जाऊन भोंगा वाजवला. काय तो जल्लोष!

पुढे पाहुणे येत, पण फोटो काढत ते रंगवलेल्या फाटकाजवळ. माझी राख मात्र साचत राहिली, सांधे सैल झाले. मित्रांनो, माझा गॅस डोळ्यांना दिसत नाही, पण गळला तर जीव घेतो. म्हणून सांगते, राख वेळेवर काढा, सांधे तपासत राहा, दगड काढून झालेले खाणीचे खड्डे बुजवा. एवढे केलेत तर मी अजून खूप वर्षे पेटती राहीन. काका त्या दिवसानंतर पुन्हा कधी धुरात उभे राहिले नाहीत. आता तुमच्यातल्या कुणालाही मी धुरात उभे राहू देणार नाही!