परत आलेली गिअरपेटी

बोलणारी मी एक गिअरची पेटी आहे. कागदोपत्री मला गिअरबॉक्स म्हणतात, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात मला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. तिथं मी पेटीच. आणि साधी पेटी नव्हे, शर्यतीच्या मोटारीची पेटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक मला टेम्पोची समजतात आणि मला राग येतो.

माझं बाहेरचं कवच अंबादासरावांच्या फौंड्रीत वाळूच्या साच्यात ओतलं गेलं. आतले दाते लेथवर आणि कटरवर घडले आणि मग भट्टीत तापले. दात्याची कातडी काचेसारखी कडक हवी आणि काळीज मऊ हवं, म्हणजे तो झिजतही नाही आणि धक्क्यानं तुटतही नाही. त्यासाठी दाते कोळशाच्या भुकटीत पुरून, लोखंडी डब्यात मातीनं बंद करून, दिवसरात्र लाल ठेवावे लागतात. ते काम शमशुद्दीनचाचांचं. त्यांचे वडीलही याच भट्टीवर होते.

अंबादासरावांचा मूळ धंदा गुऱ्हाळाच्या चरकाचा. ऊस पिळणाऱ्या चरकाचे दाते त्यांच्या वडिलांपासून इथं होत. मोटारीच्या पेट्या सुरू झाल्या त्या इचलकरंजीच्या सयाजीरावांमुळं. घरचे माग चालवायचे सोडून हा गडी मोटारींच्या शर्यतीत उतरला होता. कुठल्याशा संस्थानी गॅरेजमधून त्यानं जुनी परदेशी दोन माणसांची मोटार आणली, तिच्यात दांडगं इंजिन बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात तिची जुनी पेटी फोडली. तो काळ सत्तरच्या दशकातला. परदेशी माल मिळायचा नाही. सयाजीराव फुटकी पेटी पोत्यात घालून उद्यमनगरात आले.

"पावणं, ही करतो मी," अंबादासराव पोत्यात डोकावून म्हणाले. "वर्षाची गॅरंटी. मोडली तर दुसरी देणार. शब्द हाय."

त्यांच्या लेकीनं, पद्मजानं, कपाळाला हात लावला. ती सांगलीहून इंजिनिअर होऊन नुकतीच आली होती. बापाच्या कारखान्यात बसायचं म्हणून तिनं दोन चांगली स्थळं परतवली होती. पेट्यांचे नकाशे तिनंच काढले. चार गिअर, जवळजवळचे, घाटात उसळी मारणारे. मी तिच्या नकाशावरून जन्मले, म्हणून माझा स्वभाव असा आहे.

पेट्या चालल्या. सयाजीरावांचे दोस्त आले, बेळगावचे आले, पुण्याचे आले. आणि मग काही पेट्या परत येऊ लागल्या.

सगळ्या नाही, काहीच. दुसऱ्या गिअरचे दाते खरवडलेले, कोपरे उडालेले. अंबादासराव एक शब्द विचारायचे नाहीत. नवी पेटी द्यायचे, मोडकी मागं टाकायचे, गिऱ्हाइकाला चहा पाजायचे. पद्मजाचा जळफळाट व्हायचा.

"अण्णा, का मोडली ते तरी बघा!"

"मोडली म्हंजे मोडली. पावण्याला उलटतपासणी घेत बसू व्हय?"

शेवटी तिनं स्वतःच एक कार्ड छापून घेतलं. त्यावर गॅरंटीची अट होती, पेटी शर्यतीत वापरल्यास जबाबदारी आमची नाही. अंबादासरावांनी ते चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडले.

"पदे, पैलवानाला लंगोट इकायचा आन् सांगायचं, बाबा, आखाड्यात तेवढा घालू नगंस? शर्यतीची पेटी शर्यतीत न्हाय वापरायची, तर काय देव्हाऱ्यात ठेवायची?"

कारागीर खो खो हसले. पद्मजा लाल झाली. खरं सांगायचं तर मीही हसले असते. पण मी तेव्हा सयाजीरावांच्या मोटारीत मद्रासकडं निघाले होते.

तिथल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. मी पहिले फेरे असे मारले की शेजारचे मेकॅनिक वाकून बघायला लागले. मग एका वळणावर सयाजीरावांनी मला तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढलं आणि माझ्या पोटात कचकन आवाज झाला. मोटार गवतात जाऊन थांबली. मला किती लाज वाटली म्हणून सांगू! ज्या पेटीला धावायचं आहे तिला दोरीनं ओढत आणतात तेव्हा तिला मरण बरं वाटतं.

परत उद्यमनगर. मला टेबलावर ठेवलं. अंबादासरावांनी मला एकदा हलवून बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बास. सयाजीराव, तुमाला नवी देतो. पर त्यानंतर पेट्या बंद. माझा शब्द सारखा मोडायला लागलाय. आमचा चरक बरा. त्यो कधी परत येत न्हाय."

पद्मजाचा चेहरा उतरला. पेट्या बंद म्हणजे तिचे नकाशे बंद. मग पुन्हा पाहुणे येणार, पोहे होणार, मुलगी दाखवणं होणार. तिनं सगळा राग सयाजीरावांवर काढला.

"तुम्ही गिअर टाकता कसा? क्लच दाबता की नुसता दांडा उपटता?"

"आवो पद्माताई, मी काय नांगर धरलाय व्हय? आन् माझं सोडा. बेळगावच्या त्या गड्याकडं तुमचीच पेटी हाय. त्यो तर हाणतो निस्ता. दोन हंगाम झालं, तिला काय झालं न्हाय. मला का रडकी देता, मालक, आन् त्याला का नाचरी?"

रडकी! मला रडकी म्हणाला. पण त्या शिवीनंच माझं नशीब उघडलं. पद्मजाच्या डोक्यात ते अडकलं. नकाशा तोच, कारागीर तेच, लोखंड तेच. मग एक पेटी टिकते आणि एक मोडते, हे कसं?

तिनं मागं टाकलेल्या साऱ्या मोडक्या पेट्या ओढून काढल्या. बेळगावच्या गड्याला पेटी घेऊन बोलावलं. सगळ्यांच्या दात्यांवर तिनं कानस फिरवली. बेळगावच्या पेटीवर कानस सरकून गेली, जशी काचेवरून जावी. माझ्या दात्यावर मात्र ती चावली. मग तिनं माझा एक दाता करवतीनं कापला. दुखलं का? दुखलं. पण कुणीतरी एकदाचं मला उघडून बघत होतं, आजवर कुणी बघितलं नव्हतं. तिनं कापलेली बाजू घासून चकचकीत केली, तेजाबाचा थेंब टाकला. कडक झालेली कातडी त्यानं काळी पडते आणि दिसते. ती नखाएवढी जाड हवी. माझी होती कांद्याच्या पापुद्र्याएवढी.

दाते भट्टीत कच्चे राहिले होते.

ती तरातरा भट्टीकडं गेली. "चाचा, माल वेळेआधी काढता तुम्ही?"

शमशुद्दीनचाचा उठून उभे राहिले. त्यांना ते लागलं. "मी कशाला काढीन, ताई? रातभर जाळ दिल्याबिगर मी डबा हलवत न्हाय. अवसेच्या आदल्या दिवशीचं तेवढं सोडून."

"अवसेचं काय?"

"मालकांचा हुकूम हाय. थोरल्या मालकांपासनं हाय. अवसेला भट्टी पेटलेली नको. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत डबा भाईर, भट्टी थंड. तुमची अवस आन् आमचा ईदचा चांद, दोनी बघायचं काम ह्या घरात माझ्याकडंच हाय."

पद्मजा तिथंच कोळशाच्या ढिगावर बसली. भट्टी रोज लागायची नाही, माल साठला की लागायची. कधी तो नेमका अमावास्येच्या तोंडावर साठायचा, गिऱ्हाईक घाई करायचं आणि डबा सकाळी आत जाऊन सांजेला बाहेर यायचा. त्याच पेट्या परत येत होत्या. चरकाला हे कधी कळलंच नव्हतं. बैल फिरवतात तो चरक हळू चालतो, त्याचा दाता थोडा कच्चा असला तरी गूळ व्हायचा थांबत नाही.

"चाचा, माफ करा. मी उगाच बोलले."

"बोलायचंच असंल तर तिकडं बोला," चाचा ऑफिसकडं मान करून म्हणाले. "तितं माझं चालत न्हाय."

ती बोलली. दार लावून बोलली तरी मला टेबलावर सगळं ऐकू आलं.

"माझ्या बापानं पाळलं, मी पाळतो."

"आजोबांनी मोटारीची पेटी केली होती का? तुमचा शब्द सयाजीराव मोडत नाहीत, अण्णा. तुम्हीच मोडता. सांजेला भट्टी विझवून!"

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अंबादासराव माझ्याकडं न बघता बाहेर पडले.

पद्मजानं नवी पेटी न घडवता माझ्यासाठीच नवे दाते कापून घेतले. पंचांग बघून तिनं मुद्दाम अमावास्येच्या आदल्या सकाळीच डबा भट्टीत घातला. कारागिरांत कुजबुज सुरू झाली. दुपार कलली. उन्हं फौंड्रीच्या पत्र्यावरून खाली उतरायला लागली. शमशुद्दीनचाचा हातात सांडशी घेऊन कधी भट्टीकडं, कधी दाराकडं बघत होते. पद्मजा भट्टीसमोर हात बांधून उभी होती. त्या कातरवेळी ती तिथून हलली असती तर मी आज कुठल्या तरी भंगारात असते, आणि तिच्यासमोर पोह्यांची बशी असती.

अंबादासराव आले. सूर्य मावळायला टेकला होता. सगळे लेथ थांबले. त्यांनी भट्टीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, पिशवीतून नारळ काढला, वहाणा काढल्या आणि नारळ फोडून पाणी भट्टीच्या पायाशी शिंपडलं.

"शमशुद्दीन," ते म्हणाले, "अवसेला नवं काम सुरू करायचं न्हाय, असं बाबा म्हणायचं. सुरू हाय ते थांबवा असं कुटं म्हणायचं? जाळ कमी पडू देऊ नगंस."

चाचांनी सांडशी खाली ठेवली. पद्मजाचं तोंड पडलं. वादात जिंकूनही कुणी असं तोंड पाडतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. तिचं भांडण तिच्या हातून काढून घेऊन अण्णांनी ते वडिलांच्या नावावर करून टाकलं होतं!

ते दाते माझ्या पोटात बसले आणि सयाजीरावांनी मला पन्हाळ्याच्या चढावर नेलं. शेजारच्या आसनावर पद्मजा होती. "हाणा," ती म्हणाली. सयाजीरावांनी हाणलं. तिसरा, दुसरा, वळण, पुन्हा तिसरा. एकेका वळणावर दुसऱ्यात येताना मी असा काही सूर काढला की पद्मजा मोठ्यानं हसायला लागली. वर पोचल्यावर तिनं खाली वाकून मला हात लावला. मी चटका दिला तरी तिनं हात लगेच काढला नाही.

मद्रासला आमची मोटार तिसरी आली. पहिली का आली नाही ते इंजिनाला विचारा. मी माझं काम केलं.

पेट्या बंद झाल्या नाहीत. अंबादासराव पुढं कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिले, "अवसेच्या आगीतली पेटी हाय आमची. बाबांनी सांगितलेली गोम हाय ती." पद्मजा ऑफिसात दात ओठ खायची. पण तिनं छापलेली कार्डं एक दिवस स्वतःच भट्टीत टाकली आणि नवी छापली. "पेटी शर्यतीसाठी आहे. मोडली तर आणून द्या. का मोडली ते सांगू आणि दुसरी देऊ." खाली तिची सही होती. अंबादासरावांनी ते वाचलं आणि तिच्यासाठी चहा मागवला.

आता ऐंशीचं दशक अर्धं सरलं. कारखाना पद्मजाबाई चालवतात. सयाजीराव सुटलेत, पोट स्टिअरिंगला लागतं. शर्यती संपल्या. मी राजारामपुरीत रिक्षांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये खुरडते, आणि पोरं काचेतून विचारतात, "काका, ही किती पळती?" सयाजीराव म्हणतात, "पळायची रं पूर्वी."

पूर्वी नव्हे. आजही पळते. तेल वेळेवर बदला आणि एवढं ऐका, सयाजीराव. मला जपून ठेवू नका. मी जपून ठेवायला केलेली नाही. उद्या सकाळी पन्हाळ्याचा चढ धरा आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढा, बिनधास्त. मोडले तर मोडले. पद्मजाबाई उद्यमनगरातच आहेत.