पुढच्या सीटवरची मुलगी

सकाळी साडेसहाला आईने वडिलांना दोनदा दात घासायला लावले आणि त्यांच्या शर्टाची बटणं स्वतः लावली. त्यांची बोटं काही केल्या काजापर्यंत पोचत नव्हती.

वडील शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर. व्हॅनमध्ये अकरा पोरं, सगळ्यांत धाकटं साडेचार वर्षांचं. ड्रायव्हरशेजारी रोज त्यांची सतरा वर्षांची मुलगी बसायची. पोरांचे आईबाप तिला कौतुकाने 'कंडक्टरबाई' म्हणत. बापाची पोरीवर केवढी माया, असंही म्हणत. माया कसली, डोंबलाची! "बाबा, पुढे गतिरोधक. डावीकडे सायकल. ब्रेक, बाबा, ब्रेक!" असं ती पुटपुटत राहायची, म्हणून दोन वर्षं ती व्हॅन शाळेत धडपणे पोचत होती.

आज मात्र आठ वाजता तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"आई, आज त्यांना पाठवू नकोस गं."

"हळू बोल, शेजारी ऐकतील. आज कमीच घेतलीय त्यांनी."

"सकाळी सकाळी कमी म्हणजे किती?"

वडील भिंत धरत बाहेर आले. "एक दिवस तू नसलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? वीस वर्षं गाडी चालवतोय मी! किल्ली कुठंय?"

किल्ली त्यांच्याच हातात होती.

मुलगी दप्तर घेऊन निघाली, पण बसकडे वळलीच नाही. पाय आपोआप पहिल्या थांब्याकडे धावले. तिथे धाकटं पोर आईचं बोट धरून उभं होतं, आणखी तीन पोरं होती.

"कंडक्टरबाई, आज पायी? बाबा बरे आहेत ना?"

'बाबांना बरं नाही,' हे नेहमीचं खोटं तिच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून व्हॅन आली. एक चाक पदपथावर चढलं, दणकन खाली उतरलं. धाकट्याने आनंदाने हात हलवला.

"काकू, त्याला आत बसवू नका! बाबा प्यायलेत. रोज पितात. मी शेजारी बसून त्यांना रस्ता सांगते."

व्हॅन थांबताच तिने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!" वडील ओरडले. "बापाच्या पोटावर पाय देतेस?"

"हो बाबा. मला लाज वाटतेय, रडू येतंय. पण किल्ली देणार नाही."

काकू खाली मान घालून म्हणाल्या, "वास आम्हालाही यायचा गं. पण वाटायचं, तू असतेस ना शेजारी."

मुलगी पुढच्या थांब्याकडे चालू लागली. अजून सात घरांना सांगायचं होतं. परीक्षा आता गाठता येणार नव्हती.

वाचकहो, त्या काकूंना नावं ठेवू नका. एका पोरीच्या जिवावर अकरा लेकरं सोपवून रोज सकाळी दार लावून घेणाऱ्यांत आपणही असतो.